दोरी ओली करून मोज

५ जानेवारी, सोमवार
दुपारचं जेवण आटोपून

प्रिय ताई,

नमस्कार लिहिला असता, पण मग तुला वाटेल की याचं काहीतरी काम दिसतंय. काम आहेच, पण ते शेवटी. आधी खुशाली. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या भावजयीला जवळचा चष्मा लागला आणि पहिल्याच दिवशी तिने माझ्या कानावरचे केस शोधून काढले. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की डॉक्टरांनाच चार व्यायाम शिकवून आलीस? तुझा भरवसा नाही.

आता बातमी. उपग्रहावरचा आमचा सेन्सर चालला, ताई! वर जाऊन पाच महिने झाले, पण इतके दिवस मी कोणाला छातीठोकपणे सांगत नव्हतो. वर सोडलेलं यंत्र म्हणजे सासरी गेलेली मुलगी. पत्र येईपर्यंत जिवाला घोर. पहिले दोन महिने तर नुसतं त्याचे डोळे तपासण्यात गेले. चंद्राकडे बघायला लावायचं, काळ्या पडद्याकडे बघायला लावायचं आणि म्हणायचं, बाबा रे, काळं ते काळंच दिसतंय ना? गेल्या आठवड्यात आमच्या प्रमुखबाई, ज्या कौतुक मोजून-मापून करतात, त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन ‘छान’ एवढा एक शब्द उच्चारला. मी तो जपून ठेवला आहे.

तू मागे फोनवर विचारलं होतंस की जुना उपग्रह असताना हा नवा कशाला. तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर बोललो. नीट सांगतो. जुना सेन्सर समुद्राकडे आठ रंगांत बघायचा. रंगाच्या दुकानात शेडकार्ड असतं ना, त्यातल्या आठच चौकोनांचं कार्ड त्याच्या हातात होतं. मधली छटा आली की तो तिला शेजारच्या चौकोनात ढकलायचा. नव्याच्या कार्डात दोनशेहून जास्त छटा आहेत. निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये किती बारीक बारीक भानगडी असतात हे मला या वयात कळतंय. तुला होडीतून नुसत्या डोळ्यांनी कळायच्या, हे वेगळं.

तुझ्या खाडीचं चित्रही आलं आहे. मी मुद्दाम आधी तेच उघडलं. थंडीचे हे दोन महिने तुझ्या खाडीत एक तपकिरी, सुईच्या टोकाहून बारीक असा जीव माजतो. पाणी वरून निवळ दिसतं, पण खाली उजेड शोषला जातो. त्या जिवाचा रंग नेमका जुन्या सेन्सरच्या दोन चौकोनांच्या फटीत पडायचा, म्हणून जुन्याला तो कधी दिसलाच नाही. पाण्यात किती खोलवर दिसतं, त्याला तो सहा मीटर म्हणायचा, तू साडेचार. नवा साडेचार म्हणतो. तू बावीस वर्षं, दर थंडीत, पांढरी तबकडी पाण्यात सोडून जे लिहीत होतीस ते बरोबर होतं, ताई. शब्दशः बरोबर.

तुझं मोजणी केंद्र बंद झालं तेव्हा वरच्या लोकांनी काय काय बघून ते ठरवलं असेल, देव जाणे. झालं गेलं. पण आता काम ऐक. वीस तारखेला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी हा उपग्रह बरोबर खाडीवरून जाणार आहे, आणि मग दर सोळा दिवसांनी. तो वर असताना खाली कोणीतरी तबकडी सोडून मोजायला हवं, तरच त्याच्या आकड्याला साक्षीदार मिळेल. आमच्याकडे नवी मंडळी आहेत, यंत्रं आहेत. पण खाडीचे जुने आकडे तुझ्या हातचे आहेत, तेव्हा नवेही तुझ्याच हातचे हवेत असं माझं म्हणणं, आणि ते बाईंनाही पटलं.

तू पुन्हा होडीत पाय ठेवणार नाहीस असं म्हणाली होतीस, ते मला आठवतं. अकरा वर्षं झाली. तरी विचारतो. येशील?

सविस्तर उत्तर पाठव. गुडघ्याचं विशेषतः.

तुझा लाडका (हे तूच म्हणायचीस),
धाकटा

*

१४ जानेवारी, बुधवार
कार्यालय, सकाळ

ताई,

तुझं पार्सल परवा मिळालं. वरच्या कागदावर तुझं अक्षर बघून मला आधी वाटलं, खाऊ. आत तुझी तबकडीची दोरी निघाली. गुंडाळी तशीच, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, टोकाला गाठ. सोबत तीन ओळी:

‘बोटीत येणार नाही. दोरी पाठवते आहे. मोजून घे.’

आणि मागच्या बाजूला, नंतर आठवल्यासारखं: ‘कोरडी नको. ओली करून मोज.’

मी ती चिठ्ठी खिशात ठेवली, काढली, परत ठेवली. मग दोरी बादलीत भिजत घातली. तासाभराने आमच्या कार्यालयातल्या लांब मार्गिकेत ती जमिनीवर पसरली. एक टोक बांधून दुसऱ्याला तबकडीच्या वजनाएवढा ताण दिला आणि पोलादी टेपने एकेक खूण मोजत गेलो. लाल धागा मीटरला, पांढरा अर्ध्याला. गुडघ्यांवर रांगत. येणारे-जाणारे पाय उचलून पलीकडे जात होते. वीस मीटरच्या दोरीत शेवटच्या खुणेला फरक निघाला चार सेंटिमीटर. करंगळीएवढा.

बाई खोलीतून बाहेर आल्या. म्हणाल्या, “हे काय चाललंय?”

मी म्हणालो, “अकरा वर्षांपूर्वी करायचं होतं ते.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग मागे फिरणं शक्य नव्हतं. तुला आधी सांगायचं ते त्यांना आधी सांगितलं, एवढाच माझा नवा गुन्हा. आता तुला सांगतो.

गेल्या पत्रात ‘वरच्या लोकांनी काय बघून ठरवलं, देव जाणे’ असं मी लिहिलं. देवाला कशाला मध्ये घेतलं? मी जाणतो. त्यांनी माझा अहवाल बघून ठरवलं. जुन्या सेन्सरचे आकडे किनाऱ्यावरच्या तेरा केंद्रांशी ताडून बघायचं काम माझ्याकडे होतं. बारा जुळली. तुझं थंडीत जुळलं नाही. रकाना होता, ‘फरकाचे कारण’. मी लिहिलं, ‘दोरी ताणली गेल्याने खुणांमधील अंतर वाढले.’ पुढचा रकाना, ‘दोरी तपासली काय?’ मी लिहिलं, ‘होय, केंद्रावर जाऊन मोजली.’ खाली तारीख घातली, सही केली.

मी केंद्रावर गेलो नव्हतो. दोरीला बोटही लावलं नव्हतं.

आणि ताई, मला माहीत होतं की ती दोरी ताणणारी नाही. लहानपणी बघितलंय की मी. नवी दोरी आणलीस की महिनाभर खाऱ्या पाण्यात भिजवायचीस, दगड बांधून ताणून ठेवायचीस, आणि तिची सगळी ओढ संपली की मगच खुणांचे धागे बांधायचीस. मी विचारलं होतं, इतका खटाटोप कशाला? तू म्हणाली होतीस, “तिला जे ताणायचंय ते आत्ताच ताणू दे, मग आयुष्यभर खरं बोलेल.” हे सगळं डोक्यात असताना मी ती ओळ लिहिली. शिवाय दोरी ताणली असती तर बारा महिने चुकली असती. फक्त थंडीपुरती ताणणारी दोरी जगात कुठे मिळते? पण हा प्रश्न वर कोणी विचारला नाही आणि मला वाटलं, सुटलो.

का केलं, तेही लिहितो. मागे हटायचं नाही असं ठरवून बसलोय. नोकरी नवी होती, सेन्सरचे सगळीकडे गोडवे गाणं चाललं होतं, आणि अहवाल दोन दिवसांत हवा होता. पण खरं कारण ते नाही. केंद्र माझ्या बहिणीचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. उपग्रह चुकत असेल असं मी लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, घरच्या माणसाची पाठराखण करतोय. मला निःपक्षपाती दिसायचं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. तुझ्या बावीस वर्षांच्या वह्यांवर ‘विश्वासार्ह नाही’ असा शेरा पडला, केंद्राला कुलूप लागलं, आणि तुला निवृत्तीपर्यंत भांडारात बसून लोकांना नट-बोल्ट आणि बॅटऱ्या काढून द्याव्या लागल्या. सही माझी.

आणखी एक आहे, ते सगळ्यात जड आहे. तुला हे ठाऊक होतं. अहवालाची प्रत तुला आली होती. मी ‘मोजली’ म्हणून जी तारीख घातली, त्या दिवशी दोरी तुझ्याच घरी होती, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तू एका फोनवर मला उघडं पाडू शकली असतीस. तू काही बोलली नाहीस. त्यानंतरही माझ्याकडे येत राहिलीस, मुलीला पोहायला शिकवलंस, माझ्या आजारपणात तीन आठवडे उशाशी बसलीस. आणि तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. तू गप्प आहेस तर बरंच आहे, असं म्हणून मी अकरा वर्षं तुझ्या गप्प बसण्याच्या सावलीत आरामात राहिलो. खोटी सही दोन मिनिटांची होती. हे रोजचं होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “दुरुस्तीपत्र तुम्ही लिहा, तुमच्या नावाने, कारणासकट. ज्या ज्या संस्थेने ते आकडे वापरले त्या सगळ्यांना जाईल. आणि आकडे ताडून बघायचं काम इथून पुढे दुसरं कोणीतरी बघेल.” मी बरं म्हणालो. मार्गिकेत पसरलेली दोरी त्यांनी स्वतः एका टोकाने गुंडाळायला घेतली, उलट्या दिशेने. मी ती सुलट करून घेतली.

दुरुस्तीपत्र काल संध्याकाळी गेलं. तुझ्या वह्यांवरचा शेरा निघाला. बावीस वर्षांचे आकडे पुन्हा मूळ नोंदीत गेले, तुझ्या नावानिशी. तुला आवडो न आवडो, आता ते तिथून कोणी काढू शकत नाही. घरी येऊन जेवलो आणि चक्क झोप लागली. अशी झोप लागण्याचा हक्क मला होता की नाही, ते तू ठरव.

वीस तारखेला मी दोरी घेऊन धक्क्यावर येतो आहे. तू आली नाहीस तर होडीवाल्याबरोबर मी मोजीन. वाईट मोजीन, पण मोजीन. तू ये असं आता म्हणवत नाही. मागच्या पत्रात येशील का असं सहज विचारलं, ते ताकाला जाऊन भांडं लपवणं होतं. आता भांडं समोर ठेवलंय.

माफी मागतो, ताई. एवढं साधं वाक्य लिहायला मला पाच पानं लागली.

तुझा भाऊ

*

७ फेब्रुवारी, शनिवार
घरी, गॅलरीत, उन्हात बसून

ताई,

परवाच भेटलो आणि आज पत्र, म्हणून तू हसशील. पण होडीत तुझ्यासमोर मला बोलता येत नाही, हे तू दोन्ही खेपांना पाहिलंस. समोरासमोर मी पाण्याबद्दल बोलतो. कागदावर जरा माणसांत येतो.

आधी वीस तारखेचं. माझ्या त्या पत्राला तुझं उत्तर नव्हतं. धक्क्याच्या पायऱ्या उतरताना मी मनाशी म्हणत होतो, नसेलच ती. आणि नसली तर बरोबरच आहे. आणि तू होडीत आधीच बसलेली! मांडीवर तबकडी. नवा पांढरा रंग दिलेली, इतकी पांढरी की डोळे दिपावेत. मला म्हणालीस, “उशीर झाला तुला. ऊन सरकतंय.” अकरा वर्षांनी होडीतलं पहिलं वाक्य ते. मी घड्याळ बघितलं तर दहा मिनिटं आधी आलो होतो.

होडीच्या सावलीच्या बाजूला वाकून तू तबकडी सोडलीस. ती गेली, फिकट झाली, हिरवट झाली, दिसेनाशी झाली. तिथे दोरीला चिमटा. मग वर ओढत पुन्हा दिसायला लागली, तिथे दुसरा चिमटा. दोन्हींची सरासरी. तुझा हात जराही विसरलेला नव्हता. होडीवाला मला कुजबुजला, “बाई रोज येत असल्यासारख्या करतायत.” साडेचारला पाव मीटर कमी. संध्याकाळी वरचा आकडा आला, चार पूर्णांक तीन. मी नाचायचाच बाकी होतो.

परतताना मी “ताई, ते सगळं...” अशी सुरुवात केली. तू मला तिथेच तोडलंस. “एकदा मोजून समुद्र कळतो का? सोळा दिवसांनी परत ये. पुन्हा सोळा दिवसांनी ये. तबकडी मी सोडीन. आकडे तू लिहायचे. मी सांगेन तो लिहायचा.” आणि वही माझ्या मांडीवर टाकलीस.

मला आधी वाटलं, शिक्षा सोपी आहे. लिहिण्यात काय एवढं?

मग परवाची, पाच तारखेची खेप आली. सगळं तसंच होतं. तसंच ऊन, तसंच पाणी, तोच होडीवाला. सकाळी निघण्याआधी मी दोरी ओली करून मोजून घेतली होती. तू तबकडी सोडलीस. ती जातच राहिली. पाच मीटर, साडेपाच, सहा. चिमटा, मग दुसरा चिमटा. मागे न बघता तू म्हणालीस, “पावणेसात.”

ताई, माझं पेन थांबलं. खरं सांगतो. त्या क्षणात माझ्या डोक्यातून काय काय गेलं ते लिहायची लाज वाटते. नवा सेन्सर आज पाचच्या आत काहीतरी म्हणणार, हे आदल्या चित्रांवरून मला ठाऊक होतं. दुरुस्तीपत्र जाऊन तीनच आठवडे झाले होते. आता हा आकडा बघून लोक म्हणणार, जुनाच सेन्सर बरोबर होता, याच्या बहिणीचीच मोजणी डळमळीत, आणि हा उगाच रडला. वाटलं, तुला म्हणावं की ऊन तिरपं होतं, पुन्हा एकदा सोड. तुझे डोळे आता एकसष्टचे आहेत, म्हणावं. तुझ्या भल्यासाठीच म्हणावं! बघितलंस, परत तेच. या वेळी तर तुझ्याच नावाच्या काळजीने मी तुझा आकडा खाली ओढायला निघालो होतो.

तू मान वळवलीस. हातात दोरी, पाणी निथळतंय, आणि तू माझ्याकडे बघत राहिलीस.

मी पावणेसात लिहिलं.

तू “हं” म्हणालीस आणि दोरी गुंडाळायला लागलीस. त्यानंतर घरी नेलंस, चहा केलास, तुझ्या गुडघ्याबद्दल तासभर तक्रार केलीस, डॉक्टरांची नक्कल केलीस. निघताना माझ्या कॉलरीचं उलटलेलं टोक सरळ केलंस. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वरचा आकडा काल आला. चार पूर्णांक आठ. जवळजवळ दोन मीटरचा फरक. आमच्या गणित्याने तीनदा हिशोब तपासला, हवेतल्या धुळीचं बघितलं, भरती-ओहोटीचं बघितलं. कारण सापडत नाही. बाईंनी माझ्याजवळ आकडा वाचला आणि विचारलं, “दोरी?” मी म्हणालो, “त्याच सकाळी मोजली होती. माझ्या हाताने.” त्या म्हणाल्या, “मग फरक खरा आहे. शोधा.” त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. माझ्याही असावा.

‘फरकाचे कारण’ हा रकाना अजून आहे, ताई, फॉर्म बदलला तरी. आता आकडे ताडून बघणारा दुसरा आहे, पण मोजणी आपली म्हणून त्याने तो माझ्यापुढे सरकवला, आणि या वेळी मी त्यात लिहिलं, ‘माहीत नाही.’

एकवीस तारखेला येतो. वही माझ्याकडेच आहे.

तू सांगशील तो आकडा लिहिणारा,
तुझा धाकटा